पेंग येत नाही, म्हणून उडायला हरकत नाही?

वैमानिक आणि औषधं हा विषय निघाला की बोलणं दारू आणि अमली पदार्थांवर जाऊन थांबतं. त्यांच्यासाठी नियम आहेत, चाचण्या आहेत, शिक्षा आहेत. ते घेऊन उडू नये हे कुणाला पटवावं लागत नाही. खरा घोळ होतो तो सर्दीच्या गोळीपाशी.

अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० ते २०१२ या काळात अपघातात मरण पावलेल्या ६,६७७ वैमानिकांच्या विषचाचण्यांचे निकाल त्यात तपासले होते. सुरुवातीला साधारण १० टक्के वैमानिकांच्या शरीरात कुठलं ना कुठलं औषध सापडत होतं, शेवटी शेवटी ते प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. त्यातली पुष्कळ औषधं उड्डाणाच्या दृष्टीने फारशी अडचणीची नव्हती. पण मेंदू मंद करणारी औषधंही वाढलीच, आणि त्यांत पहिला नंबर लागला डायफेनहायड्रामाइनचा. शिंका, खाज, नाक गळणं, झोप न येणं यांसाठी अनेक देशांत चिठ्ठीशिवाय मिळणारं हे जुनं औषध. मृतांमधले बहुसंख्य वैमानिक छोटी खासगी विमानं उडवणारे होते, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. विमान कंपनीत शेजारी दुसरा वैमानिक असतो, विचारायला डॉक्टर असतो, अचानक चाचणीची धास्ती असते. रविवारी सकाळी एकटा विमान काढणाऱ्याला यातलं काहीच नसतं.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळायला हवं. औषध सापडलं म्हणजे त्यानेच अपघात घडवला असं होत नाही. लघवीत औषध दिसलं तर ते कधीतरी घेतलं होतं एवढंच कळतं. रक्ताचंही तसंच. मृत्यूनंतर काही औषधं फुप्फुस, यकृत अशा अवयवांतून सुटून हृदयातल्या रक्तात उतरतात, आणि तिथला आकडा फुगलेला दिसतो. डायफेनहायड्रामाइन त्यांपैकीच एक, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त जास्त भरवशाचं मानतात. तपास अहवालांतली भाषा सावध असते ती यामुळे. पण ही सावधगिरी मृताच्या अहवालापुरती ठीक. जिवंत माणसाने तिचा आधार घेऊन गोळी घ्यायची आणि निघायचं, हे चालणार नाही.

हे औषध करतं काय? हिस्टामाइन म्हणजे शिंकांना कारणीभूत होणारं रसायन, एवढंच आपल्याला माहीत असतं. मेंदूत मात्र तेच हिस्टामाइन आपल्याला जागं आणि सावध ठेवण्याचं काम करतं. जुन्या पिढीची अँटिहिस्टामाइन्स मेंदूत सहज शिरतात आणि नाकातल्या हिस्टामाइनबरोबर मेंदूतल्याचंही काम बंद पाडतात. नव्या पिढीतल्या फेक्सोफेनाडिनसारख्या औषधांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले पंप परत बाहेर ढकलतात, त्यामुळे ती नाकापुरती राहतात. जुन्या औषधांचा आणखी एक उद्योग आहे. ती ॲसिटिलकोलिन या नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनालाही अडवतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, डोळे कोरडे होतात आणि जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला जो आकार बदलावा लागतो तो नीट बदलत नाही. बाहेरची धावपट्टी, मग हातभरावरचं पॅनेल, मग मांडीवरचा चार्ट आणि पुन्हा बाहेर, अशी नजर सतत फिरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा काही किरकोळ त्रास नाही.

२००० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला. ४० जणांना वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामाइन ५० मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन ६० मिलिग्रॅम, रक्तातलं प्रमाण सुमारे ०.१ टक्का होईल इतकी दारू आणि नुसती खोटी गोळी देऊन गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामाइन घेतल्यावरचं ड्रायव्हिंग दारू प्यायल्यापेक्षाही वाईट निघालं. फेक्सोफेनाडिन आणि खोटी गोळी यांच्यात फारसा फरक नव्हता. मला या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो: किती पेंग येतेय हे माणसं स्वतः जे सांगत होती, त्यावरून ती कशी चालवतील याचा नीट अंदाज येत नव्हता. ज्याला झापड आलेली नाही तोही चुकत होता.

सगळा मुद्दा इथे आहे. ‘मला याने काही होत नाही’ हे वाक्य वैमानिकांच्या तोंडी नेहमी असतं आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच काही जाणवत नसतं. औषध मेंदूच्या ज्या कामावर परिणाम करतं, त्यातच स्वतःवर नजर ठेवण्याचं कामही येतं. गुंगीची जाणीव पुष्कळदा गुंगीच्या आधी ओसरते. विमानात याचा अर्थ डुलकी लागणं असा क्वचितच होतो. उपकरणांवरून फिरणारी नजर एकाच डायलवर अडकते. कंट्रोलरने दिलेली उंची बरोबर परत म्हटली जाते, पण आकडा फिरवायचा राहतो. इंधनाची टाकी बदलायची वेळ टळून जाते. यातली कुठलीही चूक एरवीही होऊ शकते, म्हणून ती औषधाच्या नावावर जमा होत नाही.

त्यात उंचीची भर पडते. प्रवासी जेटच्या केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, आणि केबिनमध्ये दाब न राखणारी छोटी विमानंही त्याच्या आसपास उडतात. या उंचीवर निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. एरवी तो खपून जातो. डोळ्याचा पडदा मात्र ऑक्सिजनच्या बाबतीत फार हावरा, म्हणून रात्री ५,००० फुटांपासूनच नजर मंदावू लागते. गोळीची चाचणी जमिनीवर खुर्चीत बसून घेतली आणि ठीक वाटलं, तर त्यातून ८,००० फुटांवरचं उत्तर मिळालेलं नसतं.

आता औषधाच्या पट्टीकडे वळू. पट्टीवर मोठ्या अक्षरांत असतं ते ब्रँडचं नाव. त्याचा उपयोग शून्य, कारण एकाच नावाखाली दिवसाची, रात्रीची, मुलांची, ‘प्लस’ अशी वेगवेगळी मिश्रणं विकली जातात आणि देशागणिक त्यातले घटक बदलतात. वाचायचं ते मागचं बारीक अक्षर. सर्दीच्या मिश्र गोळीत सहसा चार गोष्टी असतात: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फिनायलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, शिंकांसाठी एखादं अँटिहिस्टामाइन आणि खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन. पहिल्या दोन गोष्टींपायी उड्डाण सहसा अडत नाही, मात्र स्यूडोएफेड्रिनने छाती धडधडते आणि झोप उडते, हे ध्यानात ठेवावं. गाडी अडते ती तिसऱ्या आणि चौथ्या घटकापाशी. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या यादीत क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामाइन, डॉक्सिलामाइन ही सगळी उड्डाणाला चालत नाहीत, डेक्स्ट्रोमेथॉर्फनही नाही. कफ सुटण्यासाठीचं ग्वायफेनेसिन चालतं. ‘रात्रीसाठी’ म्हणून विकलेल्या वेदनाशामकात झोपेचा भाग बहुधा डायफेनहायड्रामाइननेच भरलेला असतो. खोकल्याच्या काही पातळ औषधांत अल्कोहोल असतं, ते वेगळंच.

सेटिरिझिनपाशी तर भलेभले फसतात. ते नव्या पिढीत मोडतं, दुकानदारही ‘याने झोप येत नाही’ असं सांगून देतो. पण ते थोड्या प्रमाणात मेंदूत पोचतं आणि काही जणांना स्पष्ट सुस्ती आणतं. म्हणून एफएए सेटिरिझिन आणि त्याच्या भावंडाला, लेव्होसेटिरिझिनला, गुंगी आणणाऱ्यांतच धरते आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तास थांबायला सांगते. ॲलर्जीचा कायमचा त्रास असलेल्या वैमानिकासाठी फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन किंवा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा हे पर्याय आहेत. लोराटाडिन मात्र दिवसाला १० मिलिग्रॅमच. मात्रा वाढवली की तेही झोप आणायला लागतं.

किती थांबायचं याचा हिशेब सोपा आहे. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. अशी पाच अर्धायुष्यं गेली की साधारण ३ टक्के उरतं, आणि तेवढ्यावर उडायला हरकत नाही असं मानतात. अर्धायुष्य माहीत नसेल तर लेबलवर दोन गोळ्यांमधलं जे जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं त्याला पाचाने गुणायचं. ‘दर ४ ते ६ तासांनी’ असं लिहिलं असेल तर ३० तास.

या दुसऱ्या पद्धतीत एक खड्डा आहे. क्लोरफेनिरामिनच्या पट्टीवरही ‘दर ४ ते ६ तासांनी’ असंच लिहिलेलं असतं. पण प्रौढांत त्याचं अर्धायुष्य २० तासांच्या घरात जातं. लेबलवरून काढलं तर ३० तास, अर्धायुष्यावरून काढलं तर चार दिवसांच्या पुढे. एफएए सरळ पाच दिवस सांगते. म्हणजे गुरुवारी रात्री १० वाजता शेवटची गोळी घेतली तर मंगळवारी रात्री १० पर्यंत उड्डाण नाही. शनिवार-रविवार दोन्ही गेले. लेबलच्या भरवशावर राहिलेला वैमानिक शनिवारी पहाटे चारपासूनच स्वतःला मोकळा समजला असता.

त्यातून हे औषध साचतं. अर्धायुष्य २० तास धरून दिवसातून तीनदा, तीन दिवस घेतलं, तर नवव्या गोळीनंतर अंगात एका गोळीच्या जवळजवळ पावणेचारपट औषध असतं. पाच अर्धायुष्यं मोजायला लागायचं ते या ढिगापासून. वय वाढलं, यकृत मंद असलं किंवा हे औषध मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारं दुसरं औषध चालू असलं तर आणखी वेळ लागतो. डायफेनहायड्रामाइनचं अर्धायुष्य तरुण माणसात सुमारे ९ तास, वृद्धांत १३ तासांच्या पुढे जातं. एफएए त्यासाठी ६० तास धरते ते उगाच नाही. रात्री १० ला झोपेसाठी ५० मिलिग्रॅम घेतलेल्या माणसाच्या अंगात सकाळी ७ ला निम्मं औषध शिल्लक असतं. म्हणजे नाश्त्याबरोबर २५ मिलिग्रॅमची गोळी घेऊन तो विमानाकडे निघाल्यासारखंच.

झोपेच्या गोळ्यांसाठीही असेच आकडे आहेत. झोल्पिडेमनंतर २४ तास, तेही आठवड्यातून दोनदाच आणि वेळेच्या पट्ट्यांशी जुळवून घेण्यासाठी तर नाहीच. झोपिक्लोनचं भावंड असलेल्या एस्झोपिक्लोनसाठी ३० तास. डायझेपामचा हिशेब वेगळाच आहे. ते शरीरात मोडून जे रसायन बनतं त्याचं अर्धायुष्य १०० तासांपर्यंत जातं, पाचाने गुणलं तर जवळजवळ तीन आठवडे. झोल्पिडेमची आणखी एक गोष्ट: सकाळपर्यंत स्त्रियांच्या रक्तात ते जास्त उरतं हे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. तोवर वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच मात्रा दिली जात होती.

समजा, गोळी टाळली. पण ज्याच्यासाठी ती घ्यावीशी वाटली, ती सर्दी आहेच! हा भाग लोक विसरतात. वर चढताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावून घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपोआप सुटते. उतरताना मात्र ती नळी झडपेसारखी मिटते आणि हवा आत ओढून घ्यावी लागते. अस्तर सुजलेलं असेल तर नळी उघडत नाही, कानाचा पडदा आत खेचला जातो, आणि ऐन लँडिंगच्या तयारीत कळ येते, कधी भोवळही. कपाळाच्या पोकळीत हेच झालं तर डोळ्यांत पाणी येईल इतकी कळ असते. नाक मोकळं करणारी गोळी उड्डाणाआधी घेतली आणि चार-पाच तासांनी तिचा जोर ओसरला, तर अडचण नेमकी उतरतानाच गाठते. नाकातला ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा जास्त वेळ टिकतो, पण तीन दिवसांहून जास्त वापरला की तोच नाक बंद करायला लागतो. नाक दाबून, तोंड मिटून हलकेच फुंकल्यावर दोन्ही कान जमिनीवरच उघडत नसतील, तर त्या दिवशी उड्डाण नाही, गोळी घेतलेली असो वा नसो.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. कोडीन आणि ट्रॅमाडॉलने सुस्ती तर येतेच, बाहुल्याही आकसतात आणि रात्री दिसणं कमी होतं. ट्रॅमाडॉलने झटके येण्याची शक्यताही वाढते. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायच्या मेक्लिझिन आणि डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या, हे सगळं वर्ज्य. शिकाऊ वैमानिकांना हवेत मळमळतं तेव्हा ही शेवटची गोळी खिशात येते. ती प्रशिक्षकाला सांगितल्याशिवाय घेऊ नये, आणि एकट्याने उडायचं असेल तर मुळीच नाही. रक्तदाबाच्या बहुतेक औषधांना परवानगी मिळते, पण क्लोनिडिनसारख्या मेंदूवर काम करणाऱ्यांना मिळत नाही. मधुमेहात इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी साखर उतरण्याची भीती असते. मलेरियासाठीचं मेफ्लोक्विन भ्रम आणि चक्कर आणू शकतं, आणि त्याचं अर्धायुष्य आठवड्यांत मोजतात. सिल्डेनाफिलने काहींना काही तास सगळं निळसर दिसतं. धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळेच असतात, यापेक्षा जास्त सांगायला नको. दाताच्या दवाखान्यात भूल घेतली तर युरोपातलं मार्गदर्शन स्थानिक भुलीनंतर किमान १२ तास आणि पूर्ण किंवा कण्यातल्या भुलीनंतर किमान ४८ तास थांबायला सांगतं. प्रत्यक्षात भुलीपेक्षा नंतर लिहून दिलेली वेदनाशामक गोळीच जास्त दिवस जमिनीवर ठेवते.

काही औषधांना परवानगी देण्याघेण्यात काळाबरोबर बदल झाले आहेत. धूम्रपान सोडण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिनला एफएएने २००८ मध्ये मनाई केली. उलट नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम या चार औषधांना २०१० मध्ये, ठरावीक काळ प्रकृती स्थिर राहिल्यावर आणि तपासण्या करून, दार उघडलं. ऑस्ट्रेलियाने ते त्याच्या कितीतरी आधी उघडलं होतं. माझ्या मते ही दिशा बरोबर आहे. गोळी सांगितली की परवाना गेला, अशी भीती असली की वैमानिक एक तर उपचार घेत नाही किंवा चोरून घेतो, आणि दोन्हींत तो डॉक्टरच्या नजरेबाहेर जातो. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने मानसिक आजार लपवून विमान मुद्दाम पाडलं, त्या दुर्घटनेनंतर फ्रेंच तपास संस्थेनेही परवाना गेल्यावर येणाऱ्या आर्थिक संकटाची भीती कमी करायला हवी, अशी शिफारस केली होती. ती दुर्घटना औषधाच्या गुंगीमुळे झालेली नव्हती, पण लपवण्यामागचं कारण तेच.

उड्डाणापूर्वीच्या स्वतःच्या तपासणीच्या याद्यांत औषधाचा रकाना असतो. तिथला प्रश्न बहुतेक जण ‘आज काही घेतलंय का’ असा वाचतात आणि ‘नाही’वर खूण करून पुढे जातात. तो ‘गेल्या पाच दिवसांत काय घेतलं आणि कशासाठी’ असा वाचावा. उत्तरात औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, पहिली गोळी कधी, शेवटची कधी आणि आजार कोणता, एवढं हवं. याच पाच गोष्टी उड्डाणवैद्यक डॉक्टरलाही सांगाव्या लागतात, आणि नेहमीच्या डॉक्टरकडे गेल्यावर आपण विमान उडवतो हे आधी सांगावं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसून काम करणारा रुग्ण असतो. परवानगी असलेलं औषधही पहिल्यांदाच घेत असाल तर ४८ तास जमिनीवर काढावेत. ते काही त्रास न होता गेले आणि मूळ आजारही आटोक्यात असेल तर पुढचा विचार.

हे टिपून ठेवताना वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत लिहावी. फ्लाइट लॉग यूटीसीत, मुक्काम तिसऱ्याच देशात, घड्याळ स्थानिक वेळेवर, आणि गोळी घेतली ती ‘काल रात्री’. पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेल्या माणसाने दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा एकमेकींतून वजा केल्या तर साठ तासांच्या हिशेबात आठ-दहा तासांची चूक सहज होते.